ख्रिस्ताचे पुनरुत्थान आणि आजचा विश्वासणारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टरच्या सुमारास, बायबल अभ्यासाच्या गटांत आणि बाप्तिस्म्याच्या तयारीत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तरात वचनांचे संदर्भ आहेत. बायबल शेजारी उघडे ठेवून वाचल्यास जास्त उपयोग होईल. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांची मते जिथे वेगळी आहेत, तिथे तसे सांगितले आहे.

पुनरुत्थान म्हणजे नेमके काय?

वधस्तंभावर मेलेला आणि कबरेत ठेवलेला येशू शरीरासह उठला, आणि तो आता पुन्हा कधीही मरणार नाही. या वाक्याचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत.

बायबलमध्ये याआधीही मेलेली माणसे उठल्याचे प्रसंग आहेत: याइराची मुलगी (मार्क ५), नाईन गावच्या विधवेचा मुलगा (लूक ७), लाजर (योहान ११). ती माणसे पूर्वीच्याच जीवनात परतली आणि पुढे यथाकाळ मरण पावली. येशूचे तसे नाही. तो मरणाच्या पलीकडे गेला, त्याच्यावर मरणाची सत्ता उरली नाही, असे प्रेषित पौल रोमकरांस (रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात) ६:९ मध्ये सांगतो.

त्याचबरोबर ही केवळ आत्मा जिवंत राहिल्याची गोष्ट नव्हे. लूक २४:३६–४३ मध्ये शिष्यांना भूत पाहिल्यासारखे वाटते, तेव्हा येशू त्यांना हातपाय दाखवतो, चाचपून पाहा म्हणतो आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खातो. योहान २० मध्ये खिळ्यांच्या खुणा त्याच्या हातांवर तशाच आहेत. शरीर तेच आहे, मात्र जसेच्या तसे नाही. दारे बंद असताना तो आत येतो आणि अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य त्याच्याबरोबर चालूनही त्याला ओळखत नाहीत. कबर रिकामी, शरीर तेच, जीवन नवे: या तीन गोष्टी एकत्र धरल्या तरच शुभवर्तमानांचे (येशूविषयी सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार पुस्तकांचे) म्हणणे पूर्ण होते. गैरसमज बहुतेक वेळा यातली एक सोडल्यामुळे होतात.

“येशू शिष्यांच्या मनात, त्याच्या शिकवणुकीत जिवंत राहिला” असे मानले तर काय बिघडते?

सगळेच बिघडते, आणि हे सर्वात स्पष्ट शब्दांत पौलानेच मांडले आहे. करिंथच्या मंडळीतील काही जण मेलेल्यांचे पुनरुत्थान नाही असे म्हणू लागले होते. त्यांना १ करिंथ १५:१३–१९ मध्ये तो एकेक पायरी उतरून दाखवतो. मेलेले उठत नसतील तर ख्रिस्तही उठलेला नाही. तो उठला नसेल तर आमचा संदेश पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, आम्ही देवाविषयी खोटी साक्ष देणारे, तुम्ही अजून आपल्या पापांतच, ख्रिस्तावर विश्वास ठेवून मेलेले कायमचे गेले, आणि सगळ्या माणसांत आम्हीच सर्वाधिक कीव करण्याजोगे.

हे लिहिणारा माणूस मागे जायला वाट ठेवत नाही. शिकवण चांगली आहे, तेवढी घेऊन पुढे जाऊ, असा पर्याय त्याने स्वतः बंद केला आहे.

पुनरुत्थानाला पुरावा काय आहे?

ज्यांना येशू दिसला त्यांची यादी देणारा सर्वात जुना लेखी आधार १ करिंथ १५:३–८ हा आहे. हे पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५ च्या दरम्यान इफिसहून लिहिले गेले, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेनंतर (इ. स. ३० किंवा ३३) सुमारे वीस-पंचवीस वर्षांत. त्यातला मजकूर पत्राहूनही जुना आहे, कारण पौल म्हणतो की मला जे सांगण्यात आले तेच मी तुम्हाला सांगितले. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि केफाला (म्हणजे पेत्राला), बारा जणांना, एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना, याकोबाला, सर्व प्रेषितांना आणि शेवटी पौलाला दिसला. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो नमूद करतो. ज्यांना खात्री करायची होती त्यांना विचारायला माणसे होती.

या यादीतील दोन नावांवर थांबून विचार करावा. याकोब हा येशूचा भाऊ. येशूच्या हयातीत त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान ७:५). तोच पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला आणि इ. स. ६२ मध्ये मारला गेला. ही नोंद योसेफस या यहुदी इतिहासकाराने केली आहे. दुसरा पौल. तो तर मंडळीचा छळ करणारा होता. दोघांनाही येशूच्या नावासाठी कथा रचण्याचे कारण नव्हते.

तिसरी गोष्ट स्त्रियांची. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रीच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतके वजन नव्हते, आणि प्रेषितांनाही त्यांचे बोलणे वायफळ वाटले, हे लूक २४:११ लपवत नाही. कथा रचायचीच असती तर हे साक्षीदार कुणी निवडले नसते.

इथे दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. टॅसिटस आणि प्लिनी हे रोमी लेखक पुनरुत्थान सिद्ध करतात असे म्हणू नये. टॅसिटस रोमी सुभेदार पिलाताच्या हातून झालेल्या मृत्युदंडाची नोंद करतो, प्लिनी इ. स. ११२ च्या सुमारास सांगतो की ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. इतकेच. तसेच, सर्व प्रेषित हुतात्मे झाले म्हणून ते खरे, हा युक्तिवादही जपून करावा. जब्दीचा मुलगा याकोब याचा वध प्रेषितांची कृत्ये १२:२ मध्ये आहे, पेत्र आणि पौल यांच्याविषयीची परंपरा फार जुनी आहे. पण बाकीच्या अनेकांच्या हकिकती बऱ्याच नंतरच्या आहेत. कच्चा मुद्दा उघडा पडला की ऐकणारा पक्के मुद्देही टाकून देतो.

पुरावा दारापर्यंत आणतो. आत जाणे हे विश्वासाचे काम आहे, आणि ते कुणावर लादता येत नाही.

चार शुभवर्तमानांतील वर्णने वेगवेगळी का आहेत?

आधी फरक स्वतः पाहावेत. कागदावर चार रकाने आखा आणि मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २०–२१ वाचत जा. प्रत्येक रकान्यात पाच गोष्टी लिहा: कबरेकडे कोण गेले, कधी गेले, तिथे काय दिसले, त्यांना काय सांगितले गेले, येशू कुठे आणि कुणाला भेटला. तासाभरात चित्र समोर येते.

आठवड्याचा पहिला दिवस, मग्दालीया मरीया, बाजूला सरलेली धोंड, नसलेले शरीर आणि स्त्रियांना प्रथम मिळालेली बातमी, या गोष्टी चारही ठिकाणी आहेत. स्त्रियांची नावे, देवदूत एक की दोन, आणि भेटी गालीलात की यरुशलेमेत, यांत फरक आहे. प्रत्येक लेखक आपल्याला सांगायचे तेवढे निवडतो. योहान फक्त मग्दालीया मरीयेचे नाव घेतो, पण तिच्या तोंडी “आम्हाला ठाऊक नाही” असे अनेकवचन आहे (योहान २०:२). म्हणजे ती एकटी नव्हती हे त्यालाही माहीत आहे.

मिनिटामिनिटाचे वेळापत्रक बनवून सर्व तपशील एकमेकांत बसवण्याचा हट्ट धरू नये. त्यात प्रत्येक लेखकाचे म्हणणे हरवते. मार्क १६:९–२० हा भाग सर्वात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत (सिनायटिकस आणि व्हॅटिकनस) नाही, हेही गटाला आधीच सांगून टाकावे. तळटीप पाहून कुणीतरी विचारणारच.

शुक्रवार ते रविवार म्हणजे तीन दिवस कसे?

त्या काळी दिवसाचा थोडा भागही पूर्ण दिवस म्हणून मोजत. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन. एस्तेर ४:१६ मध्ये तीन दिवस रात्रंदिवस उपास करायला सांगून एस्तेर राणी ५:१ मध्ये “तिसऱ्या दिवशी” राजासमोर उभी राहते. मोजणी तीच.

ती कबर आज कुठे आहे?

यरुशलेमेतील पवित्र कबरेच्या चर्चमध्ये ती जागा असल्याची परंपरा सर्वात जुनी आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधलेल्या तिथल्या मंदिराचे समर्पण इ. स. ३३५ मध्ये झाले. शहराच्या जुन्या तटाबाहेरची ‘बागेतली कबर’ एकोणिसाव्या शतकात पुढे आली. विश्वास मात्र जागेवर उभा नाही; देवदूताचे म्हणणेच असे की तो येथे नाही.

पापांची क्षमा वधस्तंभावर झाली, मग पुनरुत्थानाची गरज काय?

रोमकरांस ४:२५ मध्ये पौल दोन्ही एका वाक्यात बांधतो: तो आपल्या अपराधांमुळे धरून दिला गेला आणि आपण नीतिमान ठरावे म्हणून उठवला गेला. वधस्तंभावर जे अर्पण झाले ते पित्याने स्वीकारले, हे पुनरुत्थानातून जाहीर झाले. नाहीतर येशू हा अन्यायाने मारला गेलेला आणखी एक नीतिमान माणूस एवढाच राहिला असता.

दुसरे असे की मेलेला तारणारा मध्यस्थी करू शकत नाही. इब्री ७:२५ आणि रोमकरांस ८:३४ सांगतात की तो आता जिवंत आहे आणि आपल्यासाठी विनंती करतो आहे. आज सकाळी तुम्ही प्रार्थना केली ती ऐकणारा कुणी आहे, याचे कारण हे.

उपदेशात दोन टोके होतात. काही ठिकाणी वर्षभर फक्त उत्तम शुक्रवार असतो. ऐकणारा अपराधी भावनेतून बाहेर येत नाही. काही ठिकाणी फक्त विजयाचा रविवार असतो आणि दुःखात असलेल्याला तिथे बसायला जागा उरत नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खुणा आहेत. दोन्ही दिवस त्या हातांत आहेत.

रोजच्या जगण्यात याने काय बदलते?

हाच खरा प्रश्न आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

रोमकरांस ६ मध्ये पौल बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतो. बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, ते त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालावे म्हणून. पुढे ६:११ मध्ये तो सांगतो की आपण पापाला मेलेले आणि देवासाठी जिवंत आहोत असे माना. आणि ६:१३ मध्ये: आपले अवयव पापाला देऊ नका, देवाला द्या. क्रम लक्षात घ्यावा. आधी ख्रिस्ताबरोबर काय घडले ते, मग ते खरे मानणे, मग हात, डोळे आणि जीभ यांचे काम. बहुतेक माणसे शेवटून सुरू करतात आणि आठवड्याभरात थकतात.

हे प्रत्यक्षात असे करता येते. एकच पाप घ्या, “माझा स्वभाव” असे मोघम नको. “घरी आल्यावर मी मुलांवर ओरडतो” इतके नेमके. ते देवापुढे नाव घेऊन कबूल करा. मग रोमकरांस ६:११ स्वतःच्या नावानिशी मोठ्याने म्हणा. यात कोणताही मंत्र नाही. जे खरे आहे ते मनाला ऐकवण्याची ही सवय आहे. नंतर कोणता अवयव गुंतला आहे ते ठरवा (इथे जीभ) आणि त्याला दुसरे काम द्या. इफिसकरांस ४:२५–३२ मध्ये हीच पद्धत आहे: लबाडी सोडून खरे बोला, चोरी करणाऱ्याने चोरी थांबवावी, हातांनी कष्ट करावेत आणि गरजवंताला द्यावे. नुसते थांबणे पौलाला पुरत नाही. रिकामी जागा राहिली की जुने परत येते. शेवटी, विश्वासातील एका माणसाला हे सांगून ठेवा आणि महिनाभर दर आठवड्याला त्याच्याशी बोला.

चुका दोन प्रकारे होतात. एक, हे सगळे स्वतःच्या निर्धारावर चालवायचे. रोमकरांस ८:११ नुसार येशूला उठवणाऱ्याचा आत्मा आपल्यात राहतो. म्हणून पडल्यावर उठण्याची सुरुवात प्रार्थनेने करायची, स्वतःला शिक्षा करून नव्हे. दुसरी, “मी तर विजयीच आहे” म्हणून झगडा नाकारायचा. पुनरुत्थान होऊन गेले, आता पुढे काही उरले नाही, असे शिकवणाऱ्या हुमनाय आणि फिलेत यांनी काहींचा विश्वास बिघडवला, असे २ तीमथ्य २:१७–१८ मध्ये आहे. आपण अजून वाटेवर आहोत. नवे जीवन सुरू झाले आहे, पूर्ण झालेले नाही.

माझ्या नोकरीचा, घरकामाचा याच्याशी काय संबंध?

१ करिंथ १५ हा पुनरुत्थानावरचा सर्वात मोठा अध्याय. सत्तावन्न वचने मरण, शरीर, कर्णा आणि शेवटचा शत्रू यांवर झाल्यावर अठ्ठावन्नावे वचन काय म्हणते? प्रभूच्या कामात नेहमी तत्पर राहा, कारण तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत. आणि लगेच पुढच्या अध्यायाचे पहिले वचन आहे यरुशलेमच्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी बाजूला काढण्याविषयी.

पौलाच्या मनात या दोन्हींमध्ये दरी नाही. देव शरीर टाकून देत नाही, तर शरीराने केलेली सेवा का टाकून देईल? आजाऱ्याची शुश्रूषा, प्रामाणिक हिशेब, कुणी न पाहिलेला स्वयंपाक, हे प्रभूसाठी केले असेल तर मरण ते पुसून टाकत नाही.

प्रार्थना करूनही आजार बरा होत नाही. मग पुनरुत्थानाचे सामर्थ्य कुठे आहे?

या प्रश्नाला घाईघाईने उत्तर देणारे फार इजा करतात. “विश्वास कमी पडला” हे वाक्य आजाऱ्याला कधीही ऐकवू नये.

फिलिप्पैकरांस ३:१० मध्ये पौल ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे सामर्थ्य आणि त्याच्या दुःखांची सहभागिता एकाच श्वासात मागतो. त्याच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही (२ करिंथ १२:७–९). त्याने त्रफिमाला मिलेत येथे आजारी असतानाच मागे ठेवले (२ तीमथ्य ४:२०), आणि तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३). ही विश्वासात उणी पडलेली माणसे नव्हती. रोमकरांस ८:२३ नुसार आत्मा मिळालेले आपणही शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहोत.

म्हणून बरे होण्यासाठी प्रार्थना करावी, मंडळीच्या वडिलांना (वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना) बोलावून तेल लावून प्रार्थना करून घ्यावी (याकोब ५:१४), आणि औषध चालू ठेवावे. प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करू नयेत. देव आज बरे करतो तेव्हा ती पुढच्या पूर्ण आरोग्याची खूण असते. आज करत नाही तेव्हाही ते वचन मागे घेतलेले नसते.

मेल्यानंतर लगेच काय होते? आणि पुनरुत्थान कधी?

दोन टप्पे आहेत. विश्वासणारा मरतो तेव्हा तो ख्रिस्ताजवळ असतो (लूक २३:४३; फिलिप्पै १:२३; २ करिंथ ५:८). पण तो शेवट नव्हे. ख्रिस्त परत येईल तेव्हा शरीराचे पुनरुत्थान होईल (१ थेस्सलनीका ४:१३–१७). नायसियाच्या मतांगीकारातही (विश्वासाच्या जुन्या जाहीर कबुलीतही) शेवटी याच आशेची कबुली आहे: मेलेल्यांचे पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगाचे जीवन.

“आत्मा स्वर्गात गेला, संपले” एवढेच आपल्या बोलण्यात राहिले आहे, ही मोठी उणीव आहे. मधल्या काळाविषयी मते वेगळी आहेत: कॅथलिक मंडळी शुद्धीस्थान (स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होण्याची अवस्था) मानते, बहुतेक प्रोटेस्टंट मानत नाहीत, आणि काही गट मेलेले तोपर्यंत झोपलेले असतात असे मानतात. शेवटच्या पुनरुत्थानाविषयी मात्र या सर्वांचे एकमत आहे.

हाच पुनर्जन्म नव्हे का?

नाही. पुनर्जन्माच्या विचारात जीव एक देह सोडून दुसरा घेतो आणि हे अनेकदा घडते. ख्रिस्ती विश्वासात माणूस एकदाच मरतो (इब्री ९:२७), आणि तीच व्यक्ती, आपल्या नावासह आणि आपल्या शरीरासह, एकदाच व कायमची उठवली जाते.

ते शरीर कसे असेल?

पौल बीजाचा दाखला देतो (१ करिंथ १५:३६–४४): पेरतो तो नुसता दाणा, उगवते ते रोप. धागा तुटत नाही, रूप पालटते. नाशवंत पेरले जाते, अविनाशी उठते. दुर्बल पेरले जाते, सामर्थ्यवान उठते. वय किती असेल, उंची किती, यावर शास्त्र बोलत नाही. अंदाज बांधण्यात वेळ घालवू नये. फिलिप्पै ३:२१ पुरेसे आहे: ते त्याच्या गौरवी शरीरासारखे होईल.

दहन केले तर पुनरुत्थानाला अडथळा येतो का?

येत नाही. समुद्रात बुडालेले, आगीत गेलेले, शतकांपूर्वी मातीत मिसळलेले विश्वासणारेही उठवले जाणार आहेत. प्रश्न मंडळीच्या शिस्तीचा आहे. दफनाची परंपरा येशूच्या दफनावरून आणि शरीराच्या आदरातून आली. कॅथलिक मंडळीने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली, पण अस्थी पवित्र जागी ठेवाव्यात, विखरू नयेत, असे २०१६ च्या सूचनेत स्पष्ट केले. ऑर्थोडॉक्स मंडळ्या साधारणपणे दहन मान्य करत नाहीत. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या निर्णय कुटुंबावर सोपवतात. घरात मतभेद असतील तर ते मृत्यूच्या दिवशी सोडवायला घेऊ नयेत. आधीच बोलून लिहून ठेवावे.

शोकात असलेल्या घरी जाऊन काय बोलावे?

कमी. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला (योहान ११:३५). आशा असलेल्याने रडू नये असे शास्त्र म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखे रडू नये असे म्हणते (१ थेस्सलनीका ४:१३).

जा, बसा, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोला. घरच्यांची इच्छा असेल तर योहान ११:२१–२७ किंवा १ थेस्सलनीका ४:१३–१८ वाचा आणि दोन मिनिटांची प्रार्थना करा. उपदेश नको. “देवाला त्याची जास्त गरज होती”, “आता रडू नका”, “तो सुटला” ही वाक्ये टाळा. पहिली तर खरी नाहीच, आणि शेवटची मरणाला मित्र बनवते. पौल मरणाला शत्रू म्हणतो (१ करिंथ १५:२६). गेलेल्याचा विश्वास कसा होता हे माहीत नसेल तर निकाल देऊ नका, देवाच्या दयेवर सोपवा.

गर्दी ओसरल्यावर पुन्हा जा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घर सर्वात रिकामे वाटते, तेव्हा बहुतेक लोक आपापल्या कामाला लागलेले असतात.

मला शंका येतात. मी विश्वासणारा आहे का?

उठलेल्या येशूला समोर पाहून नमन करणाऱ्यांतही काहींना संशय वाटला, हे मत्तय २८:१७ सरळ सांगतो. खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, अशी अट थोमा या शिष्याने घातली; तरी आठ दिवसांनंतर तो त्याच घरात इतर शिष्यांबरोबर होता. ना त्याने मंडळी सोडली, ना त्यांनी त्याला काढले. येशूने आधी त्याला हात पुढे करायला सांगितले, मग बोल लावला.

शंका कशाची आहे ते आधी ओळखा. घटना घडली का, असा प्रश्न असेल तर वर सांगितलेले चार रकाने भरा आणि १ करिंथ १५ वाचा. देव मला का विसरला, असा प्रश्न असेल तर पुराव्यांची पुस्तके कामाची नाहीत. स्तोत्र १३ आणि ८८ वाचून तेच शब्द प्रार्थनेत वापरा. आणि एखादे पाप सोडायचे नाही म्हणून सत्यच नको वाटत असेल, तर तेवढे प्रामाणिकपणे कबूल करा. औषध चुकीच्या दुखण्याला दिले जाते म्हणून शंका वर्षानुवर्षे राहतात. मंडळीत येणे मात्र थांबवू नका. प्रार्थना मार्क ९:२४ ची पुरे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक.

उपासना रविवारीच का?

कारण तो पुनरुत्थानाचा दिवस. प्रेषितांची कृत्ये २०:७ मध्ये शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले आहेत. दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती लेखक हुतात्मा जस्टिन हेच कारण लिहून ठेवतो आणि उपासनेचा क्रमही देतो: शास्त्रवाचन, उपदेश, उभे राहून प्रार्थना, भाकर आणि प्याला, गरजूंसाठी दान. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेने तर रविवारी गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करण्याचा नियम केला. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांतही रविवार मोजत नाहीत, तो याचमुळे.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते?

२१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा नियम आहे. पौर्णिमा मंडळीच्या कोष्टकावरून घेतात, आकाशातील नव्हे. त्यामुळे पाश्चात्त्य मंडळ्यांचा ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. ऑर्थोडॉक्स मंडळ्या ज्युलियन पंचांगावरून मोजतात, म्हणून त्यांची तारीख बहुधा नंतरची असते. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिललाच आले होते.

ईस्टर चांगल्या रीतीने कसा पाळावा?

सर्वात मोठी चूक म्हणजे रविवारी दुपारी तो संपवणे. तयारीला चाळीस दिवस आणि आनंदाला एक, हे उलटे आहे. मंडळीच्या जुन्या रीतीप्रमाणे पुनरुत्थानाचा काळ पन्नास दिवसांचा, पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत).

कॅथलिक मंडळीत शनिवारी रात्री जागरणाची उपासना होते: नवा अग्नी, पुनरुत्थानाची मेणबत्ती, मग जुन्या करारातील वाचने. पूर्ण संख्या सात, किमान तीन, आणि तांबडा समुद्र ओलांडण्याचे वाचन (निर्गम १४) वगळता येत नाही. नंतर बाप्तिस्मा किंवा त्याच्या वचनांचे नूतनीकरण आणि प्रभुभोजन. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या पहाटेची उपासना करतात. कुठेही असाल, शनिवार मोकळा ठेवा. कबरेत पडलेल्या प्रभूच्या त्या दिवशी धावपळ नसावी.

पुढच्या सात आठवड्यांसाठी घरी वाचायला एक सोपा क्रम: पहिला आठवडा लूक २४, दुसरा योहान २०, तिसरा योहान २१, चौथा १ करिंथ १५, पाचवा रोमकरांस ६, सहावा कलस्सै ३, सातवा प्रेषितांची कृत्ये १ आणि २. प्रत्येक भाग आठवडाभर रोज थोडा थोडा वाचा. प्रेषितांची कृत्ये १:३ नुसार येशू चाळीस दिवस दिसत होता. स्वर्गारोहणाचा दिवसही याच काळात, ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी येतो.

लहान मुलांना कसे सांगावे?

येशू मेला, हे स्पष्ट सांगा. “झोपला होता” म्हटले तर मूल झोपायला घाबरते, आणि उठण्यातले नवलही जाते. सात-आठ वर्षांपर्यंत मार्क १६:१–७ आणि योहान २१:१–१४ पुरेसे आहेत. किनाऱ्यावरची न्याहारी आणि मोजलेले १५३ मासे मुलांना लक्षात राहतात. आजी-आजोबा गेले असतील तर “आपण त्यांना पुन्हा भेटू का?” असे ते विचारेल. ते ख्रिस्तावर विश्वास ठेवून गेले असतील तर हो म्हणा, “पण कधी, ते देवाला ठाऊक” असे जोडा, आणि मुलाला रडू द्या.

मी ख्रिस्ती नाही, पण हे समजून घ्यायचे आहे. सुरुवात कुठून करू?

मार्कचे शुभवर्तमान एका बैठकीत वाचा. साधारण दीड तास लागतो. दुसऱ्या दिवशी लूक २४, तिसऱ्या दिवशी १ करिंथ १५. वाचताना पडलेले प्रश्न लिहून ठेवा आणि एखाद्या मंडळीतील पाळक, फादर किंवा जाणत्या विश्वासणाऱ्यासमोर मांडा. पुढे बाप्तिस्म्याचा विचार आलाच तर रोमकरांस १०:९ हे मूळ आहे: येशू प्रभू आहे असे मुखाने कबूल करणे, आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले असा अंतःकरणात विश्वास ठेवणे. तयारीचा कालावधी मंडळीनुसार वेगळा असतो. काही ठिकाणी काही आठवडे, काही ठिकाणी वर्षभर. प्रौढांचा बाप्तिस्मा ईस्टरच्या रात्री करण्याची रीत फार जुनी आहे, त्यामुळे अनेक ठिकाणी तयारीचे वर्ग त्याच्या बरेच आधी सुरू होतात. चौकशी तेव्हाच केलेली बरी.